टळलेली वेळ

‘ज्याला जायचंच असतं, त्याला कोण अडवणार?’ आत्महत्येची बातमी आली की दहाव्याच्या घाटावर, सोसायटीच्या जिन्यात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणी ना कुणी हे वाक्य बोलतंच. मागे राहिलेल्यांच्या मनावर ते फुंकर घालतं, म्हणून त्याला कुणी हरकतही घेत नाही. त्या घरातल्या माणसांना तेवढा दिलासा मिळत असेल तर मिळू द्यावा. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत या विषयाचा जो अभ्यास झाला, त्यात हे वाक्य टिकलेलं नाही. जाणाऱ्याला अडवता येतं आणि एकदा अडवलेला माणूस बहुतेक वेळा पुन्हा त्या वाटेला जात नाही.

(पुढचं वाचण्याआधी एक. तुमच्या स्वतःच्या मनात सध्या असे विचार घोळत असतील तर पुस्तक बाजूला ठेवा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. हे प्रकरण कुठे पळून जात नाही.)

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३७ साली खुला झाला आणि लवकरच त्याचं नाव आत्महत्यांशीही जोडलं गेलं. पुलावरून परत आणलेल्या माणसांचं पुढे काय होतं, हा साधा प्रश्न रिचर्ड सायडन या अभ्यासकाला पडला. १९३७ ते १९७१ या काळात तिथे अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा माग त्यांनी मृत्यूच्या नोंदींतून काढला. १९७८ साली निष्कर्ष छापून आला. सुमारे ९४ टक्के माणसं एकतर हयात होती किंवा नैसर्गिक कारणाने गेली होती. उरलेल्यांपैकी काहींनी पुढे आत्महत्या केली, हे खरंच. पण ‘आज इथे अडवलंत, उद्या दुसरीकडे जातील’ हा युक्तिवाद या आकड्यापुढे उभा राहत नाही. तरीही त्याच युक्तिवादावर पुलाच्या जाळीचं काम कितीतरी वर्षं लांबलं. जाळी पूर्ण व्हायला २०२४ साल उजाडलं.

हे असं का होतं? ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या ८२ जणांना डॉक्टरांनी विचारलं, की त्या वेळचा विचार मनात पहिल्यांदा आला तेव्हापासून प्रत्यक्ष प्रयत्नापर्यंत किती वेळ गेला? जवळपास निम्म्यांचं उत्तर होतं, दहा मिनिटं किंवा त्याहून कमी. याचा अर्थ दुःख दहा मिनिटांचं होतं असा नाही. कर्ज, आजार, अपमान, घरातला जाच, नैराश्य हे सगळं महिनोन्‌महिने साचलेलं असतं. ‘नको झालंय’ हा विचारही अधूनमधून डोकावून गेलेला असतो. पण ‘आता, या क्षणी’ ही अवस्था तापासारखी चढते, टोकाला जाते आणि उतरते. कुणाची काही मिनिटांत, कुणाची रात्रभराने, कुणाची दोनचार दिवसांनी. तेवढा वेळ माणूस जिवंत राहिला की त्याच्या डोळ्यांसमोरचं चित्र बदलू लागतं. दुःख तिथेच असतं, फक्त त्यावर एकच उपाय आहे असं वाटणं कमी होतं.

एडविन श्नाइडमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने या अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास केला. १९४९ साली लॉस एंजेलिसच्या सरकारी दप्तरात, अनैसर्गिक मृत्यूंच्या कागदपत्रांत, त्याला आत्महत्या केलेल्या माणसांच्या शेकडो चिठ्ठ्या सापडल्या आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. पुढे १९५८ साली त्याने नॉर्मन फार्बरो आणि रॉबर्ट लिटमन यांच्यासोबत तिथे आत्महत्या प्रतिबंध केंद्र काढलं. अशा चिठ्ठ्या वाचणाऱ्याला वाटतं की त्यांत आयुष्याबद्दल काही गहन विचार असेल. प्रत्यक्षात त्यांत बरंचसं फार साधं असतं. अमुक पैसे तमक्याला द्या, गाडीची किल्ली इथे आहे. त्याच कागदावर माया असते, राग असतो, माफी असते आणि दोन ओळी खाली दोषही दिलेला असतो. श्नाइडमनने यातून दोन गोष्टी हेरल्या. एक म्हणजे नजर आक्रसते. एरवी दहा पर्याय सुचणाऱ्या माणसाला दोनच दिसतात, चमत्कार व्हावा किंवा सगळं संपावं. दुसरी म्हणजे माणूस द्विधा असतो. एकाच वेळी त्याला मरायचं असतं आणि कुणीतरी आपल्याला यातून काढावं असंही वाटत असतं. ही दोन्ही मनं खरी असतात. एक खरं आणि दुसरं नाटक, असा हिशेब तिथे लावता येत नाही. ‘खरंच मरायचं असतं तर सांगितलं कशाला असतं?’ हा आपल्याकडचा ठरलेला शेरा म्हणूनच क्रूर आहे आणि चुकीचाही. सांगतं ते दुसरं मन.

या दुसऱ्या मनाला थोडा वेळ मिळाला तर काय होतं, हे सबंध देशाच्या पातळीवर दोनदा दिसलं आहे. इंग्लंडात घरोघरी स्वयंपाकाला जो गॅस येत असे तो दगडी कोळशापासून काढलेला आणि विषारी होता. साठ-सत्तरच्या दशकांत त्याची जागा उत्तर समुद्रातल्या बिनविषारी नैसर्गिक वायूने घेतली. कारण आर्थिक होतं, आत्महत्यांचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. पण इंग्लंड-वेल्समधला वार्षिक आत्महत्यांचा आकडा १९६३ मधल्या ५,७१४ वरून १९७५ मध्ये ३,६९३ वर आला. त्या बारा वर्षांत इंग्लंडात सुखसमृद्धीचा पूर आलेला नव्हता, उलट बेकारी वाढत होती. हाताशी असलेलं एक साधन नाहीसं झालं आणि हजारो माणसं दुसरं साधन शोधायला गेलीच नाहीत.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. १९९५ च्या सुमारास श्रीलंकेत दर लाख लोकसंख्येमागे ४७ आत्महत्या होत होत्या, जगात सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांत तो मोडत होता. सरकारने अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढच्या दहा वर्षांत हे प्रमाण निम्म्यावर आलं आणि नंतरही घटत राहिलं. याच धाग्यावर तमिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. फवारणीची औषधं घरात न ठेवता गावातल्या सामाईक जागेत, प्रत्येकाच्या स्वतंत्र कुलपी कप्प्यात ठेवायची. पाहिजे तेव्हा चावी घेऊन जायचं. बंदी नाही, जप्ती नाही, फक्त घर आणि कप्पा यांच्यातलं अंतर. प्रयोग लहान होता, पण गावकऱ्यांनी तो मानला आणि त्या गावांत अशा घटना कमी झाल्या. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्याच्या कर्जावर, हमीभावावर, पावसावर जेवढं बोललं जातं आणि जायलाच हवं, त्याच्या शतांशानेही ‘औषधाचा डबा रात्री कुठे असतो’ यावर बोललं जात नाही. कर्जमाफीची वाट पाहावी लागते. डबा आज संध्याकाळी हलवता येतो.

आता हे सगळं मनात ठेवून रात्री दोन वाजताच्या मोबाइलकडे पाहू.

आत्महत्येवर बोलण्यासाठी जमलेले गट इंटरनेटइतकेच जुने आहेत. नव्वदच्या दशकात वेबसाइटी नीट रुळल्याही नव्हत्या, तेव्हापासून ते आहेत. माणसं तिथे का जातात, हे आधी प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. घरात ‘मला जगावंसं वाटत नाही’ म्हटलं की आई रडायला लागते, वडील ओरडतात, मित्र ‘चल, पार्टी करू’ म्हणतो. तिथे कुणी दचकत नाही. कुणी उपदेश करत नाही. ‘मलाही असंच होतं’ असं उत्तर काही मिनिटांत येतं. अशा ठिकाणी थोडं हलकं वाटलं, एकटेपणा कमी झाला, असं सांगणारी माणसं अभ्यासकांना भेटली आहेत आणि ती खोटं बोलत नाहीत. धोका नेमका त्या हलकेपणात दडलेला असतो.

कारण तिथे ऐकलं जातं ते एकाच मनाचं. मरू पाहणाऱ्या मनाला उत्तर मिळतं, आधार मिळतो, भाषा मिळते, सवंगडी मिळतात. जगू पाहणारं मन काही बोललंच तर त्याला भित्रेपणा म्हटलं जातं, किंवा दुर्लक्षाने ते आपोआप गप्प होतं. चारचौघांत अशक्य वाटणारी गोष्ट तिथे रोजची होते. कालपर्यंत बोलणारं एखादं नाव आज दिसेनासं होतं आणि त्याला निरोप दिला जातो, जणू गावाला गेलं. त्यात कुणी दिवस ठरवलेला असेल, दुसऱ्या कुणाला शब्द दिलेला असेल, तर माघार घेणं म्हणजे वचनभंग होतो. उतरणीला लागलेला ताप पुन्हा चढवण्याची ही सगळी सोय आहे. इंग्लंडात गॅस बदलल्यावर जे अंतर आपोआप तयार झालं, ते इथे उलट्या दिशेने पुसलं जातं. दुकान बंद, पूल लांब, घरात माणसं जागी, असे जे अडथळे वेळ मिळवून देतात, त्यांना वळसा कसा घालायचा याची चर्चा तिथे चालते. हात धरायला येणारा कुणी नसतो आणि समोरच्या नावामागे खरा कोण आहे, हेही कळत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात फॅरिबॉल्ट नावाचं छोटं शहर आहे. तिथे विल्यम मेल्चर्ट-डिंकेल हा पन्नाशीकडे झुकलेला, बायकामुलं असलेला परिचारक राहत होता. दिवसा रुग्णांची सेवा करायची आणि रात्री इंटरनेटवर आत्महत्येच्या चर्चांत शिरायचं, असा त्याचा क्रम. तिथे तो पुरुष नव्हता. आपण एक तरुण, दुःखी परिचारिका आहोत, आपल्यालाही जगणं नको झालंय, असं सांगून तो दोन-तीन बायकी नावांनी वावरत असे. खचलेलं माणूस हेरायचं, त्याच्याशी मायेने बोलायचं, वैद्यकीय ज्ञानाच्या आधाराने ‘सल्ला’ द्यायचा आणि मग आपण दोघं सोबतच जाऊ असं वचन द्यायचं. वचन अर्थातच एकाच बाजूने पाळलं जायचं. २००५ साली इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीतला ३२ वर्षांचा एक पुरुष आणि २००८ साली कॅनडातल्या ओटावा इथे शिकणारी १८ वर्षांची एक मुलगी, हे दोन मृत्यू पुढे न्यायालयात आले. जगात आपल्याला समजून घेणारी एकच व्यक्ती आहे असं ज्या दोघांना शेवटी वाटलं असेल, ती व्यक्ती अस्तित्वातच नव्हती.

त्याला पकडून देण्याचं श्रेय पोलिसांकडे नंतर जातं. आधी ते जातं इंग्लंडातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे. एका तरुण मुलीने अशाच एका परिचारिकेसोबत मरण्याचा दिवस ठरवल्याचं तिला कळलं. तिने त्या मुलीला बोलून बोलून परावृत्त केलं, ही या कथेतली सगळ्यात मोठी गोष्ट. मग ती त्या ‘परिचारिके’च्या मागे लागली. तशीच वचनं आणखी कितीतरी जणांना दिलेली आहेत, हे तिच्या लक्षात आलं. काही जणांना सोबत घेऊन तिने संभाषणं जमवली, माग काढला आणि तो मिनेसोटापर्यंत पोचला. सुरुवातीला पोलिसांनी तिचं म्हणणं फारसं मनावर घेतलं नाही. अखेर २०१० मध्ये आरोप ठेवले गेले आणि २०११ मध्ये तो दोषी ठरला. पण २०१४ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. आत्महत्येला ‘सल्ला’ किंवा ‘प्रोत्साहन’ देणं हे, कितीही घृणास्पद असलं तरी, अमेरिकी राज्यघटनेने संरक्षण दिलेलं बोलणं आहे, प्रत्यक्ष ‘मदत’ केली असेल तरच शिक्षा, असं न्यायालय म्हणालं. प्रकरण परत खालच्या न्यायालयात गेलं, मदतीचा आरोप सिद्ध झाला आणि त्याच्या वाट्याला आला सहा महिन्यांच्या आतबाहेरचा तुरुंगवास.

जपानमध्ये याहून भयंकर घडलं. टोकियोजवळच्या झामा शहरात २०१७ साली एका तरुणाच्या फ्लॅटमध्ये नऊ जणांचे मृतदेह सापडले. आठ मुली-बायका आणि एक पुरुष. आपल्याला जगायचं नाही असं ट्विटरवर लिहिणाऱ्यांना तो शोधायचा, मदत करतो किंवा सोबत येतो म्हणायचा आणि भेटायला बोलवायचा. खटल्यात बचाव पक्षाने म्हटलं की या लोकांना मरायचंच होतं, त्यांची संमती होती. न्यायालयाने ते साफ फेटाळलं. नवांपैकी एकाचीही संमती नव्हती. ‘मला मरायचंय’ असं लिहिणाऱ्या माणसांविषयी न्यायालयाने काढलेला हा निष्कर्ष श्नाइडमनच्या द्विधा मनाविषयी कुठल्याही पाठ्यपुस्तकाहून जास्त सांगतो. २०२० मध्ये आरोपीला मृत्युदंड सुनावला गेला आणि २०२५ मध्ये तो अमलात आला.

आपल्याकडे मात्र याच २०१७ साली भलत्याच गोष्टीचा गाजावाजा चालू होता. ब्लू व्हेल! पन्नास दिवसांचा कुठलासा खेळ मुलांना मृत्यूकडे नेतो, अशा बातम्यांनी मुंबईपासून सगळीकडे पालक हवालदिल झाले. शाळांनी परिपत्रकं काढली, केंद्र सरकारने दुवे काढून टाकायला सांगितलं. पुढे चौकशी झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत उत्तर आलं की त्या घटनांपैकी एकीतही या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. बागुलबुवा सोयीचा असतो. तो परका असतो, त्याला नाव असतं, मोबाइल काढून घेतला की तो गेला असं मानता येतं. मुलगा महिनाभर नीट जेवत का नाही, हे विचारण्यापेक्षा ते सोपं. आणि खरा धोका इतका नाट्यमय नसतोच. लंडनमधली १४ वर्षांची एक मुलगी २०१७ मध्ये गेली. तिला कुणी खलनायक भेटला नव्हता. ती जे पाहत होती त्यासारखंच आणखी तिच्यापुढे येत राहिलं, कारण यंत्रणेचं कामच ते. २०२२ साली तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने ऑनलाइन मजकुराचा तिच्या मृत्यूत वाटा होता, असं अधिकृतपणे नोंदवलं. नजर आक्रसलेल्या मुलीला आणखी आक्रसलेलं जग दाखवत राहायला कुणाचा दुष्ट हेतू लागत नाही.

कायदे होत आहेत. ऑस्ट्रेलियाने २००६ पासूनच इंटरनेटवरून आत्महत्येची चिथावणी देणाऱ्या मजकुराला गुन्हा ठरवलं. ब्रिटनमध्ये २०२३ चा ऑनलाइन सुरक्षा कायदा आला आणि त्याखाली नियामकाने एप्रिल २०२५ मध्ये अशाच एका मंचाची चौकशी सुरू केली. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ नुसार आत्महत्येला प्रवृत्त करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पीडित अल्पवयीन असेल तर शिक्षा त्याहून कितीतरी कडक. पण नाव खोटं, सर्व्हर तिसऱ्याच देशात आणि तक्रारदार हयात नाही, अशा गुन्ह्यात कलम कितपत पोचणार? एक जागा बंद केली की दुसरी उघडते, म्हणून बंद करण्यात अर्थ नाही, असंही काही जण म्हणतात. हे मला पटत नाही. पुलाच्या जाळीबद्दलही हेच म्हणत होते.

वर्तमानपत्रांचाही इथे हिशेब आहे. व्हिएन्नात १९७८ साली भुयारी रेल्वे सुरू झाली. पुढे तिथल्या आत्महत्यांच्या सनसनाटी बातम्या येऊ लागल्या आणि घटनाही वाढल्या. १९८७ मध्ये तज्ज्ञांनी पत्रकारांपुढे साधे नियम ठेवले. पहिल्या पानावर नको, पद्धतीचं वर्णन नको, एकच कारण चिकटवायचं नाही. वर्तमानपत्रांनी ते मानले आणि काही महिन्यांतच त्या मार्गावरच्या घटना तीन-चतुर्थांशाहून अधिक घटल्या. त्याच शहरातल्या थॉमस नीडरक्रोटेनथालर यांनी २०१० मध्ये दाखवलं की टोकाला जाऊन परत आलेल्या माणसांच्या बातम्या छापल्या तर आत्महत्या कमी होताना दिसतात. या परिणामाला त्यांनी मोत्सार्टच्या एका संगीत नाटकातल्या पापागेनोचं नाव दिलं. हा विदूषकी पक्षीपारधी जीव द्यायला निघतो, तेवढ्यात तीन मुलं येऊन त्याला सांगतात, अरे, दुसरा मार्ग आहे. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की ‘नापास झाल्याने विद्यार्थ्याने...’ हा मथळा अजून छापून येतो. नापास होऊन पुढे धडपणे जगत असलेल्या लाखो मराठी माणसांची बातमी होत नाही.

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात महाराष्ट्राच्या २२,७४६, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. एवढ्या माणसांपर्यंत मानसोपचारतज्ज्ञ पोचतील तेव्हा पोचतील. तोवर काय, याचं उत्तर सत्तर वर्षांपूर्वी लंडनच्या एका चर्चमध्ये जवळजवळ अपघाताने मिळालं. चॅड वराह नावाच्या पाद्र्याने तरुणपणी एका १४ वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला होता. मासिक पाळी म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आपल्याला लाजिरवाणा रोग झाला असं समजून तिने जीव दिला होता. ते वराहच्या मनातून गेलं नाही. १९५३ मध्ये त्याने जाहीर केलं, जीव द्यावासा वाटत असेल तर मला फोन करा. लोक फोन करू लागले, रांगा लावून भेटायला येऊ लागले. थांबलेल्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला काही स्वयंसेवक आले, साधी माणसं, कसलंही प्रशिक्षण नसलेली. आणि वराहच्या लक्षात आलं की बाहेर चहा पीत बोलता बोलता बऱ्याच जणांचं काम तिथेच होतंय, ते आत यायच्या आधीच समाधानाने घरी जातायत. त्याने पाद्र्याचा सल्ला मागे ठेवला आणि स्वयंसेवकांचं ऐकणं पुढे आणलं. समॅरिटन्स ही संस्था तशी घडली. चेन्नईत लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली ‘स्नेहा’ त्याच धर्तीवरची.

विचारलं तर मनात नसलेला विचार शिरेल, ही भीती आपल्याकडे फार. शाळकरी मुलांवर आणि मोठ्यांवर झालेल्या अभ्यासांत ती निराधार ठरली आहे. विचारल्याने विचार वाढत नाहीत, उलट ओझं उतरतं. विचारायचं ते आडून नको. ‘काही वेडंवाकडं करायचं नाही हं!’ हा प्रश्नच नव्हे, ती धमकी आहे आणि तिचं उत्तर ‘नाही’ असंच येणार. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?’ असं सरळ, शांतपणे. ‘हो’ आलं तर घाबरून ‘आईबापाचा तरी विचार कर’ म्हणू नये. त्याने तो केलेला असतो आणि आपण त्यांच्यावर भार आहोत असं त्याचं उत्तर निघालेलं असतं. ‘कधीपासून?’, ‘काही ठरवलंयस का?’ हे विचारावं. ठरवलं असेल तर त्या रात्री एकटं सोडू नये, जे साधन मनात असेल ते घराबाहेर काढावं, १४४१६ ला फोन लावून द्यावा, जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२. दवाखान्यात नेलं तर पोलिस केस होईल, या धास्तीने आजही लोक वेळ घालवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने सांगितलं आहे की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिच्यावर खटला भरायचा नाही आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारची. नव्या न्याय संहितेतून तर जुनं ३०९ कलम गेलंच आहे.

मोठ्या प्रमाणावर हे होऊ शकतं का? अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून नैराश्य ओळखणं, घरी जाऊन बोलणं, समुपदेशन आणि लागलं तर डॉक्टर, अशी साखळी उभी केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले चारच जण कसली तरी मदत घेत होते, नंतर सत्तावीस. वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. त्याच अमरावती जिल्ह्यात, ज्याचं नाव आपण फक्त शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातमीत वाचतो.

आणि संकट टळल्यानंतर? रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, आणि भेटायला येणारे नेमके तेव्हाच कमी होतात. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला काहीच नाही. दुसऱ्या गटाला अधूनमधून एक छोटं पत्र, पाच वर्षं. आधी दरमहा, मग विरळ होत जाणारं. त्यात उपदेश नव्हता, तारीख घेऊन भेटायला या असंही नव्हतं. बऱ्याच दिवसांत भेट नाही, बरे असाल अशी आशा, वाटलं तर दोन ओळी लिहा, एवढंच. पत्रं मिळणाऱ्या गटात आत्महत्या कमी झाल्या, पहिल्या दोन वर्षांत तर ठळकपणे. पत्रं थांबल्यावर दोन गटांतला फरक हळूहळू कमी होत गेला आणि चौदाव्या वर्षी तो उरला नाही.